डार्विनचा हरवलेला भुंगेरा

बारसं बाराव्या दिवशी करायचं ही आपल्याकडची रीत. एका भुंगेऱ्याला मात्र त्यासाठी १८२ वर्षं थांबावं लागलं. १८३२ साली अर्जेंटिनाच्या किनाऱ्यावर, बाहिया ब्लांका इथे, एका २३ वर्षांच्या तरुणाने त्याला पकडलं आणि इतर शेकडो कीटकांबरोबर इंग्लंडला पाठवून दिलं. त्याचं शास्त्रीय वर्णन एका संशोधन नियतकालिकात छापून आलं ते १२ फेब्रुवारी २०१४ रोजी. ती त्या तरुणाची २०५ वी जयंती होती. तरुणाचं नाव चार्ल्स डार्विन.

मधल्या काळात डार्विनने उत्क्रांतीचा सिद्धांत मांडला, त्यावरून जगभर रणं माजली, त्याला जाऊनही १३२ वर्षं होत आली. भुंगेरा लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये होता. पण तो नेमका कुठे आहे हे कोणालाच सांगता येत नव्हतं. कित्येक वर्षं तो हरवल्यात जमा होता.

हा भुंगेरा रोव्ह बीटल म्हणतात त्या कुळातला. भुंगेरा म्हटलं की पाठीवर टणक ढाल असलेला गोलसर कीटक आपल्या डोळ्यांसमोर येतो. रोव्ह बीटल तसे दिसत नाहीत. अंग लांबट, चाल घाईची आणि पाठीवरची ढाल कोणीतरी अर्ध्यात कापून नेल्यासारखी आखूड. त्यामुळे पोटाचे खंड उघडेच राहतात. उडायचे पंख त्या इवल्या ढालीखाली घडी घालून ठेवलेले असतात. डिवचलं की यांतले बरेचसे शेपटाकडचा भाग विंचवासारखा वर उचलतात. कुजलेला पाला, शेण, शेवाळं, बुरशी, मेलेली जनावरं अशा ठिकाणी ते वावरतात आणि बहुतेक जण तिथल्या अळ्या-किड्यांची शिकार करून जगतात. या एका कुळात आजवर ६०,००० हून अधिक जातींना नावं मिळाली आहेत. जगातल्या सगळ्या पक्ष्यांच्या जाती धरल्या तरी त्या ११,००० च्या आसपास भरतात.

आपली यांच्याशी ओळख होते ती बहुधा त्रासातून. पावसाळ्यात दिव्याकडे येणारा केशरी-काळा पीडेरस हा याच कुळातला. तो चावत नाही, त्याला नांगीही नाही. पण झोपेत मानेखाली चिरडला गेला की त्याच्या अंगातलं पेडेरिन हे द्रव्य त्वचेला लागतं. एक-दोन दिवसांत लाल पट्टा आणि फोड उठतात आणि घरात नागीण झाल्याची घबराट पसरते. तो अंगावर दिसला तर फुंकरीने उडवावा, चिरडू नये. चिरडलाच गेला तर जागा साबणाने धुवावी आणि तो हात डोळ्याला लावू नये.

डार्विनचा जन्म १८०९ सालचा, इंग्लंडमधल्या श्रूजबरीचा. वडील रॉबर्ट डार्विन नावाजलेले डॉक्टर होते. चार्ल्स आठ वर्षांचा असताना आई गेली. मुलानेही डॉक्टर व्हावं म्हणून वडिलांनी त्याला एडिंबरोला पाठवलं. तेव्हा क्लोरोफॉर्म यायचं होतं. रुग्ण शुद्धीवर असतानाच शस्त्रक्रिया होत. अशा दोन शस्त्रक्रिया त्याने पाहिल्या, त्यातली एक लहान मुलावरची. दोन्ही वेळा तो मध्येच उठून पळाला आणि पुन्हा त्या दालनात गेला नाही. एडिंबरोत त्याला एक गोष्ट मात्र मिळाली. गुलामीतून मुक्त झालेल्या जॉन एडमन्स्टन नावाच्या कृष्णवर्णीय माणसाकडून तो पक्ष्यांची कातडी भरायला शिकला. पुढे बोटीवर ही विद्या उपयोगी पडली.

डॉक्टरकी जमेना, तेव्हा वडिलांनी पाद्री करायचं ठरवलं आणि १८२८ साली त्याची रवानगी केंब्रिजला झाली. तिथे त्याला भुंगेऱ्यांचं वेड लागलं. वेड हाच शब्द योग्य. दूरच्या नात्यातला चुलतभाऊ विल्यम फॉक्स याने ही गोडी लावली. त्या काळी इंग्लंडमध्ये हा छंद फार जोरात होता, पण डार्विनची तऱ्हा वेगळीच. हिवाळ्यात म्हाताऱ्या झाडांवरचं शेवाळं खरवडून पोत्यात भरायला त्याने एक मजूर ठेवला होता. पाणथळ भागातून बोरू आणणाऱ्या होड्यांच्या तळाशी साचलेला कचराही तो गोळा करवून घेई. असा कचरा हे रोव्ह बीटलसारख्या कीटकांचं माहेरघर. जाळं घेऊन फुलाफुलांवर धावणाऱ्यांना जे कधी मिळत नसत, असे दुर्मीळ भुंगेरे त्याला या घाणीत मिळाले.

एकदा झाडाची साल सोलताना त्याला दोन दुर्मीळ भुंगेरे दिसले. त्याने दोन्ही हातांत एकेक धरला. तेवढ्यात तिसरा दिसला, तोही नवा. हातातला एक त्याने सरळ तोंडात टाकला. त्या भुंगेऱ्याने जिभेवर असा काही जळजळीत द्रव सोडला की डार्विनला तो थुंकावा लागला. तो गेला, तिसराही निसटला. ही हकिकत त्याने म्हातारपणीही रंगवून सांगितली. सांगण्यात तपशील थोडे बदलत, आणि एका खेपेला तर तिन्ही निसटले असं त्याने लिहिलं, पण हळहळ तीच.

या छंदात भांडणंही होत. त्याने भुंगेरे जमवायला ठेवलेला माणूस चार्ल्स बॅबिंग्टन नावाच्या दुसऱ्या विद्यार्थ्याला आधी निवड करू देतो, हे कळल्यावर डार्विनचा पारा चढला. आणि जेम्स स्टीफन्स यांच्या ब्रिटिश कीटकांवरच्या सचित्र ग्रंथात एका भुंगेऱ्याखाली पकडणारा म्हणून आपलं नाव छापलेलं पाहिलं, तेव्हा झालेला आनंद तो आयुष्यभर विसरला नाही. आता लक्षात घ्या, तोवर डार्विन फक्त गोळा करत होता. पोटात काय आहे, पायाची रचना कशी आहे हे तो पाहत नसे. कसंही करून नाव लावून घ्यायचं आणि पुढचं झाड सोलायचं, असा सगळा मामला. त्याने स्वतःच नंतर हे कबूल केलं आहे.

२७ डिसेंबर १८३१ रोजी ‘बीगल’ हे जहाज प्लिमथहून निघालं. कप्तान फिट्झरॉय. दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याचे नकाशे करणं हे जहाजाचं काम, आणि डार्विन सोबत गेलेला निसर्गअभ्यासक. जहाज हललं की त्याला मळमळ सुरू होई, ती पाच वर्षं सुटली नाही. त्यामुळे जमिनीवर उतरायची संधी तो सोडत नसे.

१८३२ च्या एप्रिलमध्ये बीगल रिओ दि जानेरोला पोहोचलं. जहाज मोजणीच्या कामात असताना डार्विन जुलैपर्यंत तिथल्या बोटाफोगो उपसागराकाठी राहिला. उष्ण कटिबंधातल्या कीटकांशी झालेला हा त्याचा खरा परिचय. युरोपातल्या संग्रहालयांतून गेलेल्या माणसाला वाटे की तिथले भुंगेरे मोठे, झगझगीत असणार. प्रत्यक्षात डार्विनच्या हाती आले ते बहुतेक बारके आणि मळकट रंगाचे. कारण साधं होतं. पाठवणारे नेहमी मोठे आणि देखणे नमुनेच पाठवत आले होते. २३ जूनला, भुंगेऱ्यांकडे खास लक्ष दिलेलं नसतानाही, त्याने एका दिवसात भुंगेऱ्यांच्या ६८ जाती पकडल्या. त्यांत ४ आखूड ढालींचे, म्हणजे रोव्ह बीटल होते. या सगळ्यांची यादी कधी पूर्ण झालीच तर ती केवढी होईल, या विचाराने कीटकशास्त्रज्ञाची झोप उडावी, अशा अर्थाचं त्याने प्रवासवर्णनात लिहून ठेवलं. दोनशे वर्षं होत आली, यादी अपुरीच आहे.

सप्टेंबरमध्ये जहाज आणखी दक्षिणेला, बाहिया ब्लांकाला आलं. हा मुलूख जंगलाचा नव्हे, गवताळ मैदानांचा, म्हणजे पाम्पाचा. डार्विनच्या चरित्रांत हे ठिकाण प्रसिद्ध आहे ते जवळच्या पुंटा आल्टाच्या कड्यात सापडलेल्या प्रचंड जीवाश्म हाडांमुळे. हत्तीएवढ्या, कधीच्या नामशेष झालेल्या आळशी प्राण्यांची ती हाडं होती. ती खणून काढता काढता त्याने तिथले कीटकही गोळा केले. त्यांतच आपला भुंगेरा. डोक्यावर धातूसारखी हिरवट चमक आणि करवतीच्या दात्यांसारख्या मिशा. अवाढव्य हाडं बोटीवर चढत असताना या किड्याकडे कोणाचं फारसं लक्ष गेलं असेल असं वाटत नाही. तो नमुन्यांच्या खोक्यात गेला आणि खोकी केंब्रिजला प्राध्यापक हेन्स्लो यांच्याकडे रवाना झाली.

१८३६ च्या ऑक्टोबरमध्ये डार्विन परतला तेव्हा नोंदींप्रमाणे दारूत जपलेले १,५२९ आणि कातडी, हाडं, सुके नमुने असे ३,९०७ जिन्नस जमले होते. हे सगळं एकट्याने ओळखणं अशक्य. त्याने ते तज्ज्ञांना वाटून दिलं. जीवाश्म रिचर्ड ओवेनकडे, पक्षी जॉन गूल्डकडे, मासे लेनर्ड जेनिन्सकडे. गूल्डने गॅलापागोसचे पक्षी पाहून ते एकाच गटातले वेगवेगळ्या जातींचे फिंच आहेत हे सांगितलं, तेव्हा डार्विनला आपली चूक उमगली. कोणता पक्षी कोणत्या बेटावरचा हे त्याने नीट लिहिलंच नव्हतं. फिट्झरॉय आणि इतरांच्या चिठ्ठ्या लावलेल्या नमुन्यांवरून ती उणीव भरून काढावी लागली. नमुना कुठे सापडला हे सांगणारी चिठ्ठी नमुन्याइतकीच मोलाची असते, हा धडा त्याला असा महागात मिळाला.

सरकारकडून १,००० पौंड मिळाले आणि बीगलच्या सफरीतल्या प्राण्यांवर पाच भागांचा ग्रंथ निघाला. जीवाश्म, सस्तन प्राणी, पक्षी, मासे, सरपटणारे प्राणी. कीटकांचा भाग निघाला नाही. पैसे संपले. कीटक ज्याला जसे हवे तसे विखुरले गेले. काही जॉर्ज वॉटरहाउसने अभ्यासले. पाणभुंगेऱ्यांचं वर्णन कोणी करावं? त्याच बॅबिंग्टनने, ज्याच्यावरून केंब्रिजला डार्विन चिडला होता. बाहिया ब्लांकाच्या आखूड ढालीच्या भुंगेऱ्याच्या वाट्याला मात्र कोणीच आलं नाही.

डार्विनने मनावर घेतलं असतं तर? पण तोवर वर्णन करणं म्हणजे काय याचा अनुभव त्यालाही नव्हता. जाती बदलतात असं मत त्याच्या मनात पक्कं होत होतं. त्याचा वनस्पतिशास्त्रज्ञ मित्र जोसेफ हूकर याने एका पत्रात सहज म्हटलं की, ज्याने स्वतः पुष्कळ जातींचं बारकाईने वर्णन केलेलं नाही त्याला जातींच्या प्रश्नावर बोलायचा अधिकार नाही. रोख दुसऱ्याच कोणावर होता, पण डार्विनला ते लागलं.

१८४६ साली त्याने चिलीच्या किनाऱ्यावर मिळालेला एक सूक्ष्म बार्नेकल सूक्ष्मदर्शकाखाली घेतला. बार्नेकल म्हणजे खडकांना आणि होड्यांच्या तळाला चिकटणारे पांढरे कवचधारी जीव. कोकणात भरतीच्या खडकांवर अनवाणी चाललेल्यांच्या तळव्यांना ते ठाऊक असतात. दिसतात शिंपल्यासारखे, असतात खेकडा-कोळंबीचे भाऊबंद. काही महिन्यांचं काम म्हणून सुरू केलेलं हे प्रकरण आठ वर्षं चाललं. जगभरातून खोकी भरभरून नमुने येत. घरात हे इतकं रोजचं झालं की, शेजारच्या गृहस्थांचे वडील त्यांचे बार्नेकल कुठे बसून करतात, असं डार्विनच्या एका मुलाने विचारल्याचा किस्सा सांगितला जातो.

या आठ वर्षांत डार्विन सतत आजारी होता. उलट्या, अशक्तपणा, मॅल्व्हर्नचे पाण्याचे उपचार. त्याच मॅल्व्हर्नमध्ये १८५१ च्या एप्रिलमध्ये त्याची दहा वर्षांची लाडकी मुलगी ॲनी गेली. बार्नेकलच्या ग्रंथांचा पहिला भाग त्याच वर्षी निघाला. शोक आणि मुद्रितं एकाच टेबलावर.

आणि वर्णन करणं किती छळणारं आहे हे त्याला कळलं. एखादा प्रकार वेगळी जात म्हणून लिहायचा. आणखी नमुने आले की मधल्या छटा दिसायच्या. मग लिहिलेलं फाडून दोन्ही एक करायचे. पुन्हा शंका, पुन्हा फाडाफाड, पुन्हा वेगळे. हूकरला त्याने या वैतागाबद्दल कळवलं आहे. त्याला जातींमधली रेष सापडत नव्हती, कारण निसर्गात ती नेहमी ठळक नसतेच. त्याच्या सिद्धांताला हेच तर हवं होतं. वर्गीकरणकार म्हणून ज्याचा त्रास, विचारवंत म्हणून तोच पुरावा. १८५३ साली रॉयल सोसायटीने पदक दिलं आणि १८५४ मध्ये काम संपलं. इतका वेळ घालवायला हवा होता का, असं त्याने पुढे स्वतःलाच विचारलं. हवा होता. या आठ वर्षांशिवाय पुढच्या पुस्तकातलं जातींवरचं प्रकरण इतक्या खात्रीने लिहिलं गेलं नसतं.

१८५८ चा धक्का सर्वांना माहीत आहे. मलाय द्वीपसमूहातून आल्फ्रेड वॉलेसचं पत्र आलं, आणि त्यात तोच सिद्धांत. वॉलेसही मुळात भुंगेरे गोळा करणाराच, हा योगायोग नसावा. एकाच प्रकारच्या हजारो जीवांतले बारीक फरक रोज हाताळणाऱ्याला हा प्रश्न पडणं साहजिक आहे. नोव्हेंबर १८५९ मध्ये जातींच्या उगमावरचं पुस्तक निघालं. त्याच्या पाच महिने आधी कीटकप्रेमींच्या एका साप्ताहिकात डाउन गावी सापडलेल्या दुर्मीळ भुंगेऱ्यांबद्दल चार ओळी आल्या होत्या. खाली सह्या फ्रान्सिस, लेनर्ड आणि होरेस डार्विन यांच्या. वयं दहा, नऊ आणि आठ. मजकुरामागे वडिलांचा हात होता हे उघड आहे.

भुंगेऱ्याने शेवटपर्यंत त्याची पाठ सोडली नाही. १८८२ च्या फेब्रुवारीत नॉर्दम्प्टनच्या वॉल्टर क्रिक या जोडे बनवणाऱ्या निसर्गप्रेमी गृहस्थांनी एक पाणभुंगेरा पाठवला. त्याच्या पायाला इवली शिंपली चिकटली होती. तळ्यातल्या शिंपल्या एका तळ्यातून दुसऱ्यात कशा जातात, या जुन्या कोड्याचं ते उत्तर होतं. डार्विनचं त्यावरचं टिपण ६ एप्रिलला ‘नेचर’मध्ये छापून आलं. १९ एप्रिलला तो गेला. या क्रिक यांचा नातू फ्रान्सिस क्रिक. १९५३ साली डीएनएची रचना उलगडणाऱ्या दोघांपैकी एक.

बाहिया ब्लांकाचा भुंगेरा तोवर बेनाव होता आणि पुढची १३२ वर्षं तसाच राहिला. टेनेसी विद्यापीठाच्या चॅटनूगा इथले कीटकशास्त्रज्ञ स्टायलियानोस चॅट्झिमानोलिस हे झँथोपायजिना या रोव्ह बीटलच्या उपगटाचे अभ्यासक. हा गट मुख्यतः मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या उष्ण भागातला. त्यांनी अभ्यासासाठी लंडनहून नमुने उसने मागवले, त्यांत हा निघाला. ट्रायगोनोप्सेलॅफस या दुसऱ्या प्रजातीशी त्याचं साम्य आहे, पण करवती मिशा वेगळ्या. तो कोणत्याच ठाऊक प्रजातीत बसेना.

अशा वेळी कामाला फार झगमगाट नसतो. वाळका कीटक आधी मऊ करायचा, म्हणजे पाय मोडत नाहीत. मग मिशांचे खंड, जबड्याचे दात, अंगावरचे खळगे आणि केस मोजायचे. नराचं जननेंद्रिय वेगळं काढून त्याचं चित्र काढायचं, कारण बाहेरून जुळे वाटणारे रोव्ह बीटल बहुधा तिथे वेगळे ठरतात. मग जगभरच्या संग्रहालयांतल्या नातलगांशी ताडून पाहायचं. एक नमुना प्रमाण म्हणून ठरवायचा आणि नाव छापायचं. ज्याने आधी छापलं त्याचं नाव कायम, हा नियम १८४२ साली इंग्लंडमध्ये ज्या समितीने मांडला तिच्या सदस्यांत डार्विनही होता.

नाव ठरलं डार्विनिलस सेडारिसी. प्रजातीचं नाव डार्विनवरून. जातीचं नाव अमेरिकन विनोदी लेखक डेव्हिड सेडॅरिस यांच्यावरून, कारण नमुने तयार करण्याच्या कंटाळवाण्या तासांत चॅट्झिमानोलिस त्यांची ध्वनिमुद्रित पुस्तकं ऐकत असत.

हजारो नमुने चाळून या जातीचा आणखी एकच नमुना सापडला. तो बर्लिनच्या संग्रहालयात होता, अर्जेंटिनातल्याच कोर्दोबा प्रांतातल्या रिओ क्वार्तोचा, १९३५ च्या आधी पकडलेला. त्यानंतरचा एकही नाही. दोन्ही ठिकाणांच्या आसपासची गवताळ जमीन आता बरीचशी शेतीखाली गेली आहे. नव्याने वर्णन झालेली ही जात आधीच नाहीशी झालेली नसावी, अशी आशा चॅट्झिमानोलिस यांनी व्यक्त केली. त्या वेळी जगाला ठाऊक असलेले डार्विनिलस सेडारिसी दोनच होते. एक लंडनमध्ये, एक बर्लिनमध्ये, दोन्ही टाचणीवर.